ब्रेक कॅलिपरचे रंगकाम

मोटारीच्या डिस्क ब्रेकमधील कॅलिपर या भागाच्या बाह्य पृष्ठभागावर गंजरोधक व उष्णता सहन करणाऱ्या रंगाचा थर देण्याच्या क्रियेस ब्रेक कॅलिपरचे रंगकाम असे म्हणतात. अलॉय चाकांच्या आऱ्यांमधून कॅलिपर बाहेरून दिसतो, त्यामुळे हे काम प्रामुख्याने हौस म्हणून केले जाते. लाल, पिवळा, काळा आणि चंदेरी हे रंग विशेष प्रचलित आहेत. पनवेलसारख्या खाडीकाठच्या व अतिवृष्टीच्या शहरात मात्र या रंगाला शोभेपलीकडे उपयोग आहे, कारण उघड्या ओतीव लोखंडावर तेथे एका पावसाळ्यातच गंजाचा जाड थर बसतो. साधी हत्यारे आणि दोन दिवसांची सवड असल्यास हे काम घरी करता येते. त्यातील धोका रंगाच्या गुणवत्तेपेक्षा रंग कोठे लागू नये याच्या अज्ञानात अधिक असतो.

कॅलिपरची रचना

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी (डिस्क) दोन ब्रेक पॅडच्या मध्ये दाबली जाते. हे पॅड धरून ठेवणारी व दाबणारी चिमट्यासारखी रचना म्हणजे कॅलिपर होय. भारतातील बहुतेक छोट्या व मध्यम मोटारींत पुढील चाकांना सरकता कॅलिपर असतो. त्याचे दोन मुख्य भाग असतात : चाकाच्या दांड्याला बोल्टने पक्का बसवलेला कंस आणि त्यावर दोन पिनांच्या आधारे आत-बाहेर सरकणारे शरीर. शरीरात एकच पिस्टन असतो. पेडल दाबल्यावर द्रवाच्या दाबाने पिस्टन आतील पॅड तबकडीवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने शरीर उलट दिशेला सरकून बाहेरील पॅड ओढून घेते. शरीर मोकळेपणाने सरकले नाही, तर एकच पॅड काम करतो व तोच झिजतो. स्थिर कॅलिपरमध्ये तबकडीच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असतात. ही रचना महागड्या व अधिक शक्तिमान मोटारींत आढळते.

पेडल सोडल्यावर पिस्टन मागे घेणारी स्वतंत्र स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते, ही बाब रंगकाम करणाऱ्याने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित वाकते आणि दाब गेल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे खेचते. पॅड तबकडीपासून सुटतो तो एवढ्याशा हालचालीमुळे. पिनेवर, पिस्टनवर किंवा पॅडच्या बैठकीवर रंगाचा थेंब सुकला, तर ही हालचाल अडखळू शकते.

कॅलिपरचे शरीर बहुधा ओतीव लोखंडाचे असते, तर महागड्या प्रकारांत ते ॲल्युमिनियमचे असते. कारखान्यातून येताना लोखंडी कॅलिपरवर जस्ताचा पातळ मुलामा असतो, त्यामुळे नवा भाग पिवळसर किंवा राखाडी चमकतो. चिखल, खडीचे टोले व उष्णता यांनी हा मुलामा काही वर्षांत निघून जातो आणि खालचे लोखंड उघडे पडते.

रंगीत कॅलिपरची परंपरा

डिस्क ब्रेकचे एक आरंभीचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. मात्र या ब्रेकला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या मोटारीने तो सर्वसामान्य वापराच्या वाहनात आणला. पुढे अनेक वर्षे कॅलिपर हा चाकाआड दडलेला, धातूच्या मूळ रंगाचा भागच राहिला.

रंगीत कॅलिपरचा प्रघात १९९० च्या दशकाच्या आरंभी पोर्शे मोटारींवरील इटालियन ब्रेम्बो कंपनीच्या लाल कॅलिपरपासून रूढ झाला. पोर्शेने पुढे रंगालाच अर्थ दिला : पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक संमिश्राची तबकडी, पांढरा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली तबकडी आणि पोपटी हिरवा म्हणजे संकरित (हायब्रिड) मोटार. रंगावरून ब्रेकची जात ओळखण्याची ही पद्धत त्या कंपनीपुरती आहे. घरी लाल रंगवलेला कॅलिपर कालच्यापेक्षा अधिक जोराने मोटार थांबवत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु ती पडते.

महाराष्ट्रात या विषयाला औद्योगिक पार्श्वभूमी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. म्हणजे एक पिढीभर मुंबई-पनवेल रस्त्यावरील बहुसंख्य खाजगी मोटारी व टॅक्सींना रंगवण्याजोगा कॅलिपरच नव्हता. नंतरच्या छोट्या मोटारींत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी विभागणी रूढ झाली आणि ती आजही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. ब्रेम्बोचा भारतातील कारखाना पुण्यात असून तेथे 'बायब्रे' या नाममुद्रेचे दुचाकींचे ब्रेक तयार होतात. केटीएमच्या मोटारसायकलींवर हे कॅलिपर दिसतात.

पनवेल परिसरातील परिस्थिती

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील शहर गाढी नदीच्या काठी व खाडीलगत वसले आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर आदी वसाहतींचा समावेश होतो. जून ते सप्टेंबर या काळात येथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उरलेल्या काळातही खाडीवरून येणारी हवा दमट व खारट असते. क्षारयुक्त ओलाव्यात लोखंडाचे गंजणे वेगाने होते, कारण विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्याची विद्युत्‌वाहकता वाढते आणि गंजण्याची विद्युत्‌रासायनिक क्रिया सुलभ होते.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या तबकडीवर सकाळी नारिंगी झाक दिसते. पहिल्या दोन-चार ब्रेकांतच पॅडच्या घर्षणाने ती पुसली जाते आणि तिच्याविषयी चिंतेचे कारण नसते. कॅलिपरच्या शरीराला असे घासून काढणारे काहीच नाही, त्यामुळे तेथील गंज साचत जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने तो पॅडच्या बैठकीत फुगतो व पॅड अडकवतो. ब्लीडर स्क्रू गंजून जाम होतात आणि पुढे द्रव बदलताना तुटतात. रेल्वेने मुंबईला नोकरीस जाणाऱ्यांच्या मोटारी पनवेलमध्ये आठवडाभर इमारतीखाली उभ्या राहतात, त्यांना हा त्रास रोज धावणाऱ्या मोटारींपेक्षा अधिक होतो. रोजच्या वापरात ब्रेक तापतात व ओलावा निघून जातो. उभ्या मोटारीला हा लाभ मिळत नाही.

या शहराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे घाट. पनवेलजवळील कळंबोली येथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. ९४.५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. जुना मुंबई-पुणे रस्ताही पनवेलवरूनच जातो आणि पूर्वी क्रमांक १७ असलेला, आता ६६ क्रमांकाचा गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच फुटतो. पुण्याहून परतताना खंडाळा ते खोपोली या बोरघाटाच्या उतारावर मोटार थोड्या अंतरात सुमारे ५५० मीटर खाली येते. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार एवढे खाली उतरताना सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. २० लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून उकळीला आणण्यास साधारण एवढीच ऊर्जा लागते. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या मोटारीत तिचा मोठा वाटा इंजिन व हवेचा रोध घेतो. गिअर वरचा ठेवून पाय ब्रेकवरच ठेवला, तर तो बराचसा वाटा पुढील दोन तबकड्यांच्या काही किलोग्रॅम लोखंडावर येऊन पडतो.

उष्णता, द्रव आणि रंग

रंग निवडताना सर्वत्र आढळणारा गैरसमज असा की, डब्यावरील तापमानाचा आकडा जितका मोठा तितका रंग चांगला. सायलेन्सरसाठी मिळणाऱ्या फवारा-डब्यांवर ६०० अंशांपर्यंतचे आकडे छापलेले असतात आणि केवळ त्यांवर भरवसा ठेवून असे रंग कॅलिपरला लावले जातात. प्रत्यक्षात तबकडी आणि कॅलिपर यांच्या तापमानात मोठे अंतर असते. कठीण उतारावर तबकडी काहीशे अंशांपर्यंत तापू शकते, पण कॅलिपरचे शरीर तिच्यापासून दूर व हवेच्या झोतात असते. शहरातील वापरात त्याचे तापमान बहुधा शंभर अंशांच्या आतच राहते.

कॅलिपरची खरी मर्यादा त्यातील द्रव ठरवतो. बोलीत याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, परंतु ते तेल नव्हे. भारतीय मोटारींत सामान्यतः वापरले जाणारे डॉट ३ व डॉट ४ हे द्रव ग्लायकॉल इथर वर्गातील आहेत. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, तर डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. हे द्रव हवेतील बाष्प शोषून घेतात. ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यानंतरची किमान मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंश इतकी खाली येते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकूनही ब्रेक लागत नाही. म्हणजे कॅलिपर ३०० अंशांवर जाण्याच्या कितीतरी आधी मोटारीचे ब्रेक निकामी झालेले असतील. ६०० अंश सहन करणारा रंग अशा वेळी शाबूत राहील, एवढेच.

म्हणून दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत टिकणारा रंग कॅलिपरला पुरतो. त्याच्यात पाहायचे ते अन्य गुण : लोखंडाला घट्ट धरून राहणे, खडीचे टोले सोसणे आणि ब्रेकचा द्रव सांडला तरी न विरघळणे. शेवटचा गुण सर्वांत दुर्मीळ आहे, कारण ग्लायकॉल इथर हे रंगासाठी उत्तम द्रावक आहे. द्रव बदलताना सांडलेले काही थेंब साध्या रंगाचा थर काही मिनिटांत सुरकुतवतात.

रंगामुळे कॅलिपर थंड राहतो किंवा उलट उष्णता कोंडली जाते, अशी दोन्ही मते ऐकू येतात. दोन-तीन हातांचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. त्याचा उष्णतेला होणारा रोध नगण्य आहे. ब्रेकची बहुतांश उष्णता तबकडीवरून वाहणारी हवा नेते, तीवर कॅलिपरच्या रंगाचा परिणाम होत नाही.

रंगांचे प्रकार

घरगुती कामासाठी इपॉक्सी रेझिनवर आधारित दोन घटकांचा रंग सर्वांत भरवशाचा मानला जातो. रंग आणि कठीणकारक (हार्डनर) सांगितलेल्या प्रमाणात मिसळल्यावर रासायनिक क्रियेने तो घट्ट होतो, त्यासाठी भट्टी लागत नाही. मिसळलेला रंग ठरावीक वेळेत संपवावा लागतो. पनवेलच्या उन्हाळ्यात ही वेळ डब्यावरील वेळेपेक्षा कमी भरते, त्यामुळे एका वेळी दोन कॅलिपरपुरताच रंग कालवणे सोयीचे पडते. मोटारीच्या बाह्यांगासाठी वापरला जाणारा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगही टिकतो, परंतु त्याच्या कठीणकारकातील आयसोसायनेट श्वसनास घातक असल्याने तो घरी फवारणे टाळावे.

फवारा-डब्यातील सिलिकॉन रेझिनचे उष्णतारोधक रंग हाताळण्यास सोपे असतात. मात्र त्यांपैकी अनेक रंग तापवल्याशिवाय पूर्ण घट्ट होत नाहीत. मोटारीवरच लावलेला कॅलिपर भट्टीत घालता येत नाही आणि शहरातील प्रवासात तो आवश्यक तेवढा तापतही नाही. परिणामी रंग दिसायला सुकलेला, पण प्रत्यक्षात मऊ राहतो आणि नखानेही खरवडता येतो. दारे-खिडक्यांना लावायचा ऑइल पेंट व गॅरेजमध्ये डागडुजीसाठी वापरला जाणारा ड्युको हे दोन्ही या कामास अयोग्य आहेत. पहिला उष्णतेने पिवळा पडून तडकतो व दुसरा ब्रेकच्या द्रवात विरघळतो. पावडर कोटिंग अतिशय टिकाऊ असते, पण त्याच्या भट्टीचे तापमान साधारण १८० ते २०० अंश असते. सील व पिस्टन काढून कॅलिपर पूर्ण मोकळा केल्याखेरीज ते करता येत नाही, त्यामुळे ते घरगुती कामाच्या कक्षेबाहेरचे आहे.

रंग कोठे लागू नये

सरकत्या कॅलिपरमध्ये रंग द्यावयाचा तो शरीराच्या बाहेरील कमानीला आणि कंसाच्या बाह्य बाजूला. पिस्टन, त्याभोवतीचे रबरी आवरण, सरकत्या पिना व त्यांची रबरी टोपणे, ब्लीडर स्क्रूचे तोंड, द्रवाची नळी व तिचा जोड, पॅड आणि तबकडी यांना रंगाचा स्पर्श होता कामा नये. पॅडची कानपट्टी कंसाच्या ज्या खाचेत सरकते, ती खाच तेथील स्टीलच्या पट्टीसह कोरडी व स्वच्छ राहिली पाहिजे. या खाचेत मोकळीक इतकी थोडी असते की, रंगाचे दोन हातही पॅडला जखडून ठेवतात.

याहून कमी लक्षात येणारी जागा म्हणजे जेथे धातू धातूवर आवळला जातो ती. कंस ज्या बोल्टांनी चाकाच्या दांड्याला बसतो, त्या बोल्टांच्या डोक्याखालील पृष्ठभाग आणि चाक जेथे टेकते तो हबचा सपाट भाग येथे रंग असल्यास तो दाबाखाली व उष्णतेने हळूहळू चेपतो आणि आवळलेला नट सैल पडतो. सैल नट काही दिवसांनी, बहुधा दूरच्या प्रवासात प्रकट होतो. रंग देणाऱ्याला तोवर रंगाचा आणि नटाचा संबंध आठवतही नाही.

कामाचा हंगाम व पूर्वतयारी

रंग धरण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी, असा रंगकामाचा सर्वमान्य संकेत आहे. पनवेलमध्ये जून ते सप्टेंबर या काळात ही अट दिवसचे दिवस पुरी होत नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य ठरतो. त्यातही पहाटे दव असल्याने काम सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी चारपर्यंत शेवटचा हात द्यावा. गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीखालील वाहनतळात काम करावयाचे असल्यास फवाऱ्याऐवजी कुंचला वापरणे इष्ट. फवाऱ्याचे सूक्ष्म कण वाऱ्याने शेजारच्या मोटारीवर जाऊन बसतात आणि त्यातून होणारे वाद रंगापेक्षा अधिक टिकाऊ असतात.

मोटार सपाट व पक्क्या जमिनीवर उभी करावी. एका वेळी एकच चाक उतरवावे. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅकने मोटार उचलून उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी तिच्याखाली घोडी (जॅक-स्टँड) लावावी. मोटारीबरोबर मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर मोटारीजवळ तासन्‌तास बसणे धोक्याचे आहे. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचून मोटार टेकवण्याची पद्धत आढळते, परंतु वीट पूर्वसूचना न देता फुटते. हातब्रेक बहुतेक मोटारींत मागील चाकांवरच काम करतो, त्यामुळे मागील बाजू उचलताना त्याचा उपयोग नसतो व पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अनिवार्य ठरते.

साफसफाई

कॅलिपरचे रंगकाम बहुतांशी साफसफाईचेच काम आहे. कॅलिपरवरील काळी भुकटी फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनर व पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि इतर ब्रेक-धूळही फुप्फुसांना अपायकारक असते. साबणाच्या पाण्याने ओली करून फडक्याने पुसणे हा सुरक्षित मार्ग होय. त्यानंतर तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे काढावेत, कोपऱ्यांसाठी जुना दातांचा ब्रश चालतो. शेवटी ८० ते १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा. घासताना रबरी टोपणांना तारेचा ब्रश लागू देऊ नये. चिरलेल्या टोपणातून पावसाचे पाणी आत शिरते आणि पीन गंजते.

तेलकटपणा काढण्यासाठी गॅरेजांत सर्रास डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल वापरले जाते. कॅलिपरच्या बाबतीत ही सवय घातक आहे. ग्लायकॉल द्रवासाठीची सील ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. हे रबर ब्रेकच्या द्रवाला दाद देत नाही, पण खनिज तेलाच्या संपर्काने फुगते व मऊ पडते. फुगलेले सील पिस्टन मागे खेचू शकत नाही. याच कारणाने पिनांना साधे ग्रीस न लावता ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावतात. सफाईसाठी दुकानात मिळणारा ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे, ते लवकर उडून जाते व मागे थर ठेवत नाही.

खोल खड्ड्यांतील उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लयुक्त गंज-परिवर्तक लावता येतो. त्याने गंजाचा रंग काळा होतो. त्यावर निवडलेला रंग चालतो का, हे रंगाच्या डब्यावरील सूचनेवरून पाहावे. सैल पापुद्र्यांवर मात्र कोणताही परिवर्तक उपयोगी पडत नाही, ते घासूनच काढावे लागतात.

रंग देणे

रंग कॅलिपर जागेवर ठेवूनही देता येतो व उतरवूनही. प्रथमच काम करणाऱ्याने तो जागेवर ठेवून कुंचल्याने रंगवावा. द्रवाची प्रणाली उघडत नसल्याने ब्रेकमध्ये हवा शिरण्याचा प्रश्न येत नाही. पाठीमागची बाजू नीट रंगवता येत नाही, ही या पद्धतीची उणीव आहे आणि गंज तेथूनच परत सुरू होतो. कॅलिपर पिनांवरून उतरवल्यास तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. नळीवर भार पडल्यास तिच्या आतील थर फाटू शकतो व हे बाहेरून दिसत नाही. कॅलिपर उतरलेला असताना पेडल दाबल्यास पिस्टन बाहेर पडतो, म्हणून त्या वेळी मोटारीत कोणीही बसू नये. मुले जवळ असल्यास ही सूचना अधिक गांभीर्याने घ्यावी.

पॅड, तबकडी, नळी व टोपणे मास्किंग टेप आणि जाड कागदाने झाकावीत. ब्लीडर स्क्रूवर त्याचे रबरी टोपण असावे. पहिला हात पातळ द्यावा, त्याखालून लोखंड दिसत राहिले तरी हरकत नाही. डब्यावर सांगितलेल्या अंतराने दुसरा व आवश्यक असल्यास तिसरा हात द्यावा. जाड हात दिल्यास बाहेरचा पापुद्रा आधी सुकतो, आतील थिनर कोंडला जातो आणि पहिल्या घाटातच फोड येतात. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरला त्या धातूसाठीचा वेगळा प्रायमर लागतो. रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे, तो ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही. टेप रंग पूर्ण कडक होण्यापूर्वी सोलावी, अन्यथा कडा तुटतात.

इपॉक्सी रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, परंतु त्यावर चाक बसवून मोटार चालवण्यापूर्वी किमान २४ तास जाऊ द्यावेत. पूर्ण कठीणपणा येण्यास सुमारे आठवडा लागतो आणि तोवर उच्च दाबाच्या पाण्याने चाके धुऊ नयेत. थिनर व उरलेला रंग गटारात ओतू नये, पनवेलची गटारे व नाले अखेर खाडीला मिळतात.

मागील ड्रम

पुढे डिस्क व मागे ड्रम असलेल्या मोटारीत केवळ पुढचे कॅलिपर रंगवल्यास मागचा गंजलेला ड्रम अधिकच डोळ्यांत भरतो, म्हणून तोही रंगवला जातो. ड्रमची बाहेरील बाजू रंगवणे कॅलिपरपेक्षा सोपे असते, कारण तेथे सरकणारा भाग नसतो. चाक टेकण्याचा सपाट भाग व मधली गोलाई मात्र झाकावी लागते. ड्रमला भडक रंग देण्यापेक्षा काळा किंवा चंदेरी रंग देण्याकडे जाणकारांचा कल असतो आणि तो रास्त आहे. लाल ड्रम हा कॅलिपर असल्याचा आव आणतो व तो लगेच ओळखू येतो.

जोडणीनंतरची तपासणी

चाक बसवताना नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व शेवटचा आवळ टॉर्क पान्याने द्यावा. छोट्या मोटारींत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. कॅलिपर उतरवलेला असल्यास त्याचे बोल्टही पुस्तिकेनुसार आवळावे लागतात. मोटार हलवण्यापूर्वी पेडल काही वेळा दाबून ते घट्ट लागेपर्यंत पाहावे. पॅड मागे ढकलले गेले असल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, आणि वाहनतळाच्या उतारावर हे कळण्यात अर्थ नसतो.

पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात घ्यावी. पाच-सात किलोमीटर चालवल्यानंतर, ब्रेकचा फारसा वापर न करता थांबून दोन्ही पुढील चाकांजवळ तळहात नेऊन उष्णतेची तुलना करावी. तबकडीला वा कॅलिपरला हात लावू नये. एक बाजू स्पष्टपणे अधिक तापलेली असेल, मोटार एका बाजूला ओढत असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्या बाजूचा पॅड वा पीन अडकली आहे असे समजावे. हा दोष दूर होईपर्यंत घाट उतरू नये. सतत घासणारा पॅड द्रवाला आधीच तापवून ठेवतो आणि मग बोरघाटाच्या उतारावर उकळीपर्यंतचे अंतर थोडेच उरते.

चाक उतरलेले असताना पॅडची जाडी, रबरी नळीवरील भेगा व पिनांची टोपणे आपोआप पाहिली जातात. द्रव दोन वर्षांहून जुना असल्यास तो याच सुमारास, पण रंग देण्याच्या आधी, कुशल मेकॅनिककडून बदलून घ्यावा. नव्या रंगावर द्रव सांडल्यास तो न चोळता भरपूर पाण्याने लगेच धुवावा.

कॅलिपर कव्हर

रंगाला पर्याय म्हणून कॅलिपरवर चिकटवायची किंवा अडकवायची प्लॅस्टिकची व ॲल्युमिनियमची आवरणे मिळतात. मुंबईतील कुर्ला-कलिना भागातील सीएसटी रस्त्यासारख्या मोटार-साहित्याच्या बाजारांत ती सहज आढळतात आणि त्यांवर नामांकित ब्रेक कंपन्यांची नावेही छापलेली असतात. सैल झालेले आवरण चाकाच्या आतील बाजूस घासते किंवा आऱ्यांत अडकते. प्लॅस्टिकचे आवरण वितळून पॅडवर पडण्याचीही शक्यता असते. शिवाय त्याखाली चिखल व ओलावा साचून गंज वाढतो, म्हणजे ज्या हेतूने कोकणात रंग द्यावा त्याच्या नेमके उलट घडते. दुसऱ्या कंपनीचे नामचिन्ह साध्या कॅलिपरवर चिकटवल्यास मोटार विकत घेणाऱ्याची ब्रेकच्या क्षमतेविषयी दिशाभूल होते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. प्रमाणपत्रात मोटारीच्या बाह्यांगाचा रंग नोंदवलेला असतो, कॅलिपरचा नव्हे. त्यामुळे केवळ कॅलिपर रंगवल्याने पनवेलच्या परिवहन कार्यालयात (एमएच-४६) कोणतीही नोंद बदलावी लागत नाही. मूळ कॅलिपर काढून वेगळ्या आकाराचा किंवा वेगळ्या मोटारीचा कॅलिपर बसवणे ही निराळी बाब आहे, कारण त्याने पुढील व मागील ब्रेकमधील उत्पादकाने जुळवलेला तोल बिघडतो. हमीच्या काळात कॅलिपर रंगवल्यास ब्रेकविषयक तक्रारीच्या वेळी रंग हे कारण पुढे केले जाऊ शकते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मोटारीच्या हमीपत्रातील अटी वाचून घेतात.